अप्पांचं ‘झालं’

माझा धंदा माणसांना हगण्यामुतण्याचं विचारायचा आहे. असं सरळ लिहिलेलं आईला आवडणार नाही. ती पाव्हण्यांना सांगते, "पोरगी बीदरला दवाखान्यात रिसर्चमधी हाय," आणि पुढं कुणी विचारायच्या आत चहा टाकायला उठते. रिसर्च म्हणजे काय, तर मोठ्या आतड्याचं किंवा गुदाशयाचं ऑपरेशन झालेली माणसं नंतर कशी सावरतात, याचा अभ्यास. ऑपरेशन सर्जन करतात. मी त्या माणसांना फोन करते, बीदर-भालकी-औरादच्या गावांतून हिंडते, वजन घेते आणि विचारते: वारा सरतो का, टाके दुखतात का, झोप लागते का, जेवण होतं का. मला हे काम मानवतं, कारण मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या बुडाला काटे हायत. ते अजून आहेत.

आमच्या अभ्यासाचा प्रश्न साधा होता. आतडं कापून जोडल्यावर माणसाला लगेच खायला द्यावं, की जुन्या पद्धतीप्रमाणं वारा सरेपर्यंत, म्हणजे आतडं जागं झाल्याची खूण मिळेपर्यंत, उपाशी ठेवावं? कुणाला कसं, हे चिठ्ठी काढून ठरायचं. डॉक्टरांच्या मनावर सोडलं असतं तर त्यांनी धडधाकट माणसांनाच लवकर जेवू घातलं असतं आणि नंतर म्हणाले असते, बघा, लवकर जेवल्यामुळं बरे झाले. चिठ्ठीला कुणाचा चेहरा दिसत नाही. मला तेव्हा ही गोष्ट फार आवडायची.

मग त्या अभ्यासात माझे अप्पाच आले.

अप्पा सरकारी बसवर ड्रायव्हर होते. औरादहून हैदराबादची गाडी त्यांनी आयुष्यभर चालवली आणि रिटायर होऊन चिंताकीला, आमच्या गावी, घरी येऊन बसले, तर गुदाशयात गाठ निघाली. आमच्याच सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. गाठ काढली, खाली जोड दिला, आणि तो जोड नीट भरून यावा म्हणून काही महिन्यांपुरतं लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवलं. बेंबीच्या उजव्या अंगाला लालबुंद, ओलं, पोरांच्या ओठांसारखं ते तोंड, आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. जे काही बाहेर यायचं ते त्या पिशवीत. कॅन्सरच्या औषधाच्या सलाइनी संपल्या की दुसरं छोटं ऑपरेशन, आतडं परत आत, पिशवी बंद. सलाइनी संपल्या होत्या. अडलं होतं ते वजनावर. अप्पांचं वजन वाढायच्या ऐवजी दर खेपेला घटत होतं.

पिशवी लागल्यापासून अप्पा दवाखाना सोडला तर घराबाहेर पडले नव्हते. ज्या माणसाला औराद स्टँडवरचा चहावाला लांबून हात करायचा, तो माणूस दारात कुणी आलं की आतल्या खोलीत जायचा. मला भीती होती ती हीच, की हे असंच चालू राहिलं तर ऑपरेशन पुढं पुढं ढकललं जाईल आणि अप्पा त्या आतल्या खोलीतच संपून जातील. त्या भीतीनं मी रोज संध्याकाळी फोन करायचे.

"अप्पा, जेवण झालं का?"

"झालं. तू जेवलीस का?"

"झालं."

मी तेव्हा बहुतेक वेळा चहात बुडवून बिस्किटं खात असायचे. पण ‘झालं’ म्हणायला काही लागत नाही. आमच्याकडं कुणी भेटलं की आधी हेच विचारतात. कन्नड बोलणारा ‘ऊट आयता’ म्हणतो, समोरचा ‘आयतु’ म्हणतो आणि मग दोघं कामाचं बोलायला लागतात. त्या ‘झालं’वरून कुणी पोटाचा अंदाज बांधत नाही. माझ्या फॉर्मवरही छापलेला प्रश्न हाच होता, दोन्ही भाषांत: जेवण व्यवस्थित होतं का? मी विचारायचे, माणसं ‘झालं की’ म्हणायची, आणि मी ‘हो’वर खूण करून पुढच्या फोनकडं वळायचे.

एक दिवस अप्पा वजनाला बीदरला आले होते. सर्जननी काट्याकडं बघितलं, मग अप्पांच्या गळ्याच्या हाडांकडं. हे सर्जन मूळचे कन्नड, पण मराठी म्हणींचा त्यांना शौक आहे. म्हणाले, "अप्पा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ह्या अंगावर मी परत सुरी लावणार नाही. जोड टिकायला अंगात काहीतरी पाहिजे की नाही?"

अप्पा हात जोडून "व्हय साहेब" म्हणाले. ते पोलिसालाही असंच म्हणायचे, आणि नंतर आपल्याच मनाचं करायचे.

मग सर्जन माझ्याकडं वळले. अप्पांची फाइल नियमानं माझ्याकडं नव्हती, एका सिस्टरकडं होती. पण बाकीची पिशवीवाली माणसं माझीच. "तुझ्या कागदावर सगळे जेवतात," ते म्हणाले, "आणि काट्यावर सगळे उतरतात. हे कसं काय?"

मला राग आला. मी उन्हातान्हात वजनकाटा काखोटीला मारून हिंडते आणि हे टेबलामागं बसून मला विचारतात. मी म्हटलं, जे सांगतात तेच लिहिते. ते म्हणाले, ते दिसतंयच.

दुपारी अप्पांना माझ्या खोलीवर आणलं. भात टाकला, पातळ वरण केलं. ताट वाढत होते तेवढ्यात एका पेशंटचा फोन लागला, सकाळपासून तो उचलत नव्हता. एका हातात ताट, खांद्यानं फोन धरलेला, मी नेहमीच्या सुरात विचारलं, "काका, जेवण झालं का?"

फोनमधून आवाज आला, "झालं की."

आणि बाहेरच्या खोलीतून अप्पांचा आवाज आला, "झालं."

मी तशीच उभी राहिले. अप्पांचं ताट माझ्या हातात होतं, वाफ निघत होती. फोनवरचे काका पावसापाण्याचं काहीतरी बोलत होते. मी फोन ठेवला आणि ताट घेऊन बाहेर आले. "काय झालं, अप्पा? ताट अजून माज्या हातात हाय."

अप्पांनी ताटाकडं बघितलं. "ठिव तितं. खातो मागनं."

"मागनं कवा?"

"खातो म्हनलं न्हवं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी दिवसभर परक्या माणसांना त्यांच्या पोटात काय चाललंय ते विचारत हिंडत होते आणि माझा बाप माझ्यासमोर उपाशी बसला होता. आईला फोन लावला. ती आधी उडवाउडवी करत राहिली, मग रडायला लागली. सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून, तीही सगळी नाही. रात्री काहीच नाही. तिनं मला सांगायचं नाही, अशी अप्पांनी तिला शपथ घातलेली. मी फोन ठेवून अप्पांवर ओरडले. जे बोलायला नको ते बोलले. म्हटलं, तुमाला मरायचंय का? तसं सांगा, म्हंजे मी बसचे धक्के खात हिंडायचं बंद करते.

अप्पा शांतपणे म्हणाले, "गाडीवर बसायच्या आदी पोट रिकामं ठिवावं. वाटंत थांबायला लागत न्हाई. मागं पन्नास मानसं बसलेली असत्यात."

"तुमी आता गाडीवर न्हाईत, अप्पा."

"पिशवी तर हाय. खाल्लं की भरती."

त्यांच्या हिशोबात काही चूक नव्हती. खायचं नाही म्हणजे पिशवी भरत नाही. पिशवी भरत नाही म्हणजे कुणाला वास नाही, आवाज नाही, धुणं नाही. फक्त त्या वाटेनं ती पिशवी कधीच निघणार नव्हती. हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी चार घास खाल्ले, माझ्यासाठी, औषध घेतल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या ह्या पट्ट्यात गावंच्या गावं रानात जेवायला जातात. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पूजा करतात, आणि भज्जी म्हणजे वाल-शेंगदाणे घातलेली मिसळीची भाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडक्यातली आंबील घेऊन सगळे बसतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. शहरात त्या दिवशी कर्फ्यू लागल्यागत होतं. आमचं रान नाही. लहानपणी येळवशीला आम्हाला कुणी ना कुणी बोलवायचं, आई आम्हा पोरांना घेऊन जायची, पण अप्पा कधीच आले नाहीत. सगळे ड्रायव्हर त्या दिवशी सुटी मागायचे आणि अप्पा हौसेनं ड्युटी घ्यायचे. आम्हाला वाटायचं, काय कामाचा माणूस आहे.

मला त्या दिवशी भालकीकडच्या मेहकरला जायचं होतं. तिथली एक म्हातारी माझ्या पेशंटांपैकी होती, तिलाही पिशवी होती, आणि ती वजनाला यायचं सारखं टाळत होती. फोनवर म्हणाली, "उद्या येळवस सोडून मी काट्यावर उभारायला बीदरला येऊ का? तूच ये रानात." अप्पांना खोलीवर एकटं सोडलं असतं तर ते दिवसभर उपाशी बसले असते. म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. ते यायला तयार नव्हते. मी म्हटलं, मग मीही जात नाही, नोकरी गेली तर गेली. त्यांनी चपला घातल्या.

सकाळच्या बसला आम्ही भालकी गाठली. अप्पा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले होते, मांडीवर त्यांची ड्युटीची जुनी रेक्झिनची बॅग. पूर्ण वाटभर ते त्या पोरसवदा ड्रायव्हरच्या पायाकडं बघत होते. "ब्रेक मारतोय का विंचू," एवढंच म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी बिस्किटाचा पुडा तीनदा पुढं केला, तीनदा परत माझ्या झोळीत ठेवला. भालकीहून जीप, मग ज्वारीच्या धाटांमधून पायवाट. कणसं भरात आली होती. माझ्या खांद्यावर वजनकाटा, अप्पा मागून सावकाश, एक हात शर्टावरून पोटाशी धरलेला.

म्हातारी कोपीच्या तोंडाशीच बसली होती. लुगड्याचा काष्टा, कपाळभर कुंकू, तोंडात दात कमी आणि बोलणं जास्त. भोवती लेक-सुना, नातवंडं, शेजारच्या रानातली माणसं. मी अप्पांची ओळख करून दिली, माझे वडील, एवढीच.

"आलाव का अप्पा, बसा की. जेवण झालं का?"

"झालं, झालं. निघतानाच झालं."

मी दात खाल्ले.

"आज झालं म्हनलेलं चालत न्हाई," म्हातारी म्हणाली. "येळवशीला रानात आलेलं मानूस तसंच गेलं तर रान रुसतंय."

अप्पांनी हसून हात जोडले आणि सगळ्यांपासून लांब, बांधावर जाऊन बसले. बॅग शेजारी.

मी काटा सपाट जागा बघून मांडला. म्हातारी त्यावर उभी राहिली आणि सुनांकडं बघून म्हणाली, "बगा गं, मला भाजीवानी तोलायली." वजन चांगलं वाढलं होतं. माझ्या सगळ्या पिशवीवाल्यांत हिचंच वाढलं होतं. मी विचारलं, मावशी, खाताव तरी काय? ती म्हणाली, सगळं. आणि पिशवी? "ती माजी सवत," म्हातारी पोटावर हात ठेवून म्हणाली. "मालकानं आणली न्हाई, डागदरनं आणली. मी जेवले की तीबी जेवती. भरली की वततो. त्यात काय?" आणि ती एवढी हसली, एवढी हसली, की काट्यावरून उतरताना तिचा हात एकदम कमरेला गेला आणि हसू थांबलं.

पिशवीची कड सुटली होती. तिनं पदर घट्ट ओढला आणि मटकन खाली बसली. नवी पिशवी गावात घरी होती. समोर जेवायला बसायच्या तयारीत दहा-वीस माणसं, त्यात सुनेच्या माहेरचे पाव्हणे.  मी आजूबाजूला बघायला लागले. माझ्याकडं फॉर्म होते, काटा होता, पेन होतं. पिशवी नव्हती. मला माझाच राग आला.

माझ्या आधी अप्पांना कळलं होतं. ते बांधावरून उठून आले तेव्हा बॅग उघडलेली होती. मी ती बॅग पहिल्यांदा आतून बघितली. दोन कोऱ्या पिशव्या, वाकड्या टोकाची छोटी कात्री, कापूस, पाण्याची बाटली, मऊ फडकी, सगळं गाडीतल्या हत्यारांच्या पेटीसारखं जिथल्या तिथं. हा माणूस महिनोन्‌महिने दवाखान्याशिवाय घराच्या बाहेर पडला नव्हता आणि बाहेर पडायची एवढी तयारी त्यानं करून ठेवली होती.

"बाई," अप्पा खाली बघत म्हणाले, "तुमच्या तोंडाचं माप केवढं हाय?"

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. मग अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. अप्पांनी कात्री घेतली आणि नव्या पिशवीच्या चकतीत तेवढं भोक गोल कापून, कडेवरून बोट फिरवून, माझ्या हातात दिलं. "कड टोचू ने. आदी कोरडं कर, मंग चिटकव. वर हात धरून ठिव, ऊब लागली की धरतंय." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी त्या विषयावर एवढं बोलले.

आम्ही दोघी कोपीत गेलो. मी पिशवी बदलली. चिकटवल्यावर वर तळवा धरून बसले, तेव्हा म्हातारी हळूच म्हणाली, "तुज्या अप्पालाबी हाय?" मी मान हलवली. "मंग ते खात्यात का?" मी नाही म्हटलं आणि मला रडू आलं. एवढ्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थांब."

बाहेर येऊन ती सरळ अप्पांसमोर बसली. "अप्पा, तुमच्या घरीबी सवत हाय म्हनं."

अप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी ज्वारीकडं बघितलं.

"हाय," अप्पा म्हणाले. आई, मी आणि दवाखाना सोडून दुसऱ्या कुणाला त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं.

"तिला उपाशी ठिवायलाव का? तिला उपाशी ठिवलं तर ती तुमालाच खाती." आणि तिनं सुनेला हाक मारली, "आंबील आन गं."

पंगतीत म्हातारीनं त्यांना आपल्या शेजारीच बसवलं. आंबील दिली, उंडा कुस्करून दिला, भज्जीतल्या शेंगदाण्या-वालांवर, ते आतड्याच्या तोंडाशी अडकतात म्हणून, माझी नजर होती, तर ते बाजूला काढून वरची पातळ भज्जी वाढली. अप्पांनी वाटी दोन्ही हातांत धरली. पहिला घोट घेतला आणि थांबले. मग दुसरा. आंबिलीला लसणाचा आणि जिऱ्याचा वास होता. थोड्या वेळानं त्यांच्या शर्टाखालून गुडगुडल्यासारखा आवाज आला आणि अप्पांचा हात जागच्या जागी थिजला. तेवढ्यात म्हातारीच्या पदराखालूनही तसाच आवाज आला.

"बोलायल्यात दोघी," म्हातारी म्हणाली. "बोलू द्या. आपन जेवू."

अप्पा हसले. गालाची हाडं एवढी वर आली होती की ते हसणं बघवत नव्हतं, आणि तरी मी बघत राहिले. त्यांनी आंबील परत मागितली नाही. पण सून वाढायला आली तेव्हा वाटीवर हातही धरला नाही.

परतीच्या वाटेवर जीप मिळेना म्हणून आम्ही एका पुलाच्या कठड्यावर बसलो. अप्पा मधेच एकदा झाडाआड जाऊन पिशवी रिकामी करून आले होते, त्याबद्दल काही न बोलता. मग आपणहून म्हणाले, "माज्या बापानं शिकवलेलं ते."

"काय?"

"झालं म्हनायचं." ते रस्त्याकडं बघत होते. "दुसऱ्याच्या दारात कुनी जेवण झालं का इचारलं, की झालं म्हनायचं. न्हाई म्हनलं की त्येनला इचार पडतो, ह्याला कुटं बसवायचं, कशात वाढायचं. तो इचार करताना त्येंचं तोंड बघू ने, म्हनायचा. आपनच झालं म्हनावं."

माझे आजोबा छप्पन्नच्या दीक्षेनंतर ताठ मानेनं जगलेले, घरात बुद्धाची तसबीर आणि पोरांना शाळा. त्यांनी पोराला हेही शिकवून ठेवलं होतं. अप्पांनी ते हैदराबादच्या धाब्यांवर पाळलं, सहकाऱ्यांच्या लग्नांत पाळलं, दर येळवशीला स्टेअरिंगवर बसून पाळलं, आणि आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोसमोर पाळत होते. मला कुणावर चिडावं ते कळेना. आजोबांवर चिडता येत नव्हतं. जीप आली.

सोमवारी मी सर्जनना सांगितलं की फॉर्मवरचा जेवणाचा प्रश्न बदलायला लागेल. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी फॉर्मवरच्या त्या प्रश्नाखाली रेघ ओढली आणि म्हणाले, वर परवानगीसाठी पाठवतो. परवानगी आल्यावर मी विचारायला लागले, "आज सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?" फोनवरची माणसं आधी उलट मलाच विचारायची, म्हंजे? मग एक जण म्हणायचा, चहा. दुसरा म्हणायचा, सुनेला इचारतो. एक बाई रागावून म्हणाली, असं इचारत असत्यात का कुनाला? पण उत्तरं यायला लागली.

अप्पांचं वजन एकदम नाही वाढलं. मधे एकदा घटलंही, आणि मी आईवर विनाकारण ओरडले. पण मेहकरच्या म्हातारीचा फोन चिंताकीला जायला लागला होता. काय खाल्लं की पातळ होतं, काय खाल्लं की घट्ट, कोणता चिकटपट्टा उन्हात टिकतो, असं दोघं बोलत बसायचे. आई म्हणायची, "ह्येंच्या सवतीची चौकशी करायला कोन बाई सारखा फोन करायली?" आणि हसायची. अखेर सर्जननी अप्पांचे दंड चाचपून मान हलवली.

ऑपरेशन झालं. आतडं आत गेलं, पिशवी गेली, तिच्या जागी पट्टी आली. पिशवीवाल्यांची चिठ्ठी ह्या दुसऱ्या ऑपरेशनला निघायची, आणि अप्पांची निघाली ती उशिरा जेवणाऱ्यांत. वारा सरेपर्यंत तोंडानं काही नाही. ज्या चिठ्ठीला चेहरा दिसत नाही म्हणून मला ती आवडायची, तिचा मी त्या दिवशी मनापासून उद्धार केला. मी अप्पांना म्हटलं, तुम्ही नको म्हटलं तर अभ्यासातून नाव काढता येतं, कुणी जबरदस्ती करत नाही. ते म्हणाले, "चिठ्ठी निगाली न्हवं? मंग रूट बदलायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात होते. एकदा खिडकीशी, एकदा खाटेशी, एकदा व्हरांड्यात. सिस्टर म्हणाली, बाई, तुमीच फेऱ्या मारा, पेशंटचा वारा सरेल. शेजारच्या खाटेवर हर्नियाचा एक पेशंट होता, त्याची माणसं खेड्यातून डबा घेऊन आली होती. त्यांनी खाली सतरंजी टाकली, फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरीचा आणि लसणाच्या चटणीचा वास अख्ख्या वॉर्डात पसरला. त्यांतली बाई भाकरी मोडता मोडता वर बघून, जसं कुणीही विचारतं तसं म्हणाली,

"अप्पा, जेवण झालं का?"

मी खिडकीशी होते. मला उत्तर पाठ होतं.

अप्पा उशीवर थोडे सरकले, एक हात पट्टीवर ठेवला. "न्हाई," ते म्हणाले. "न्हाई झालं. भूक लई लागलीय."

बाईचा हात थांबला. "मंग या की."

"आजून द्यायले न्हाईत. थांबायला सांगितलंय." मग अप्पांनी तिच्या भाकरीकडं बोट केलं. "माजा वाटा काडून ठिवा."

तिनं काही विचार केला नाही. डब्यातून अर्धी भाकरी घेतली, वर चटणी ठेवली, फडक्यात गुंडाळली आणि उठून अप्पांच्या उशाशी ठेवली. ती भाकरी त्यांना आज काय, उद्याही कुणी खाऊ देणार नव्हतं, आणि ते मला त्या वॉर्डात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी ती तिथंच राहू दिली. स्टूल ओढलं आणि अप्पांच्या खाटेशी बसून राहिले.